माझ्या इंटरवलचं परीक्षण

सिनेमाच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, मग कोणकोणत्या नट्या पाहिल्या? एकही नाही. मी मलकापूरच्या टॉकीजमध्ये होतो. आधी गेटकीपर, मग बुकिंगच्या खिडकीत आणि शेवटची अठरा वर्षं मॅनेजर. आमच्याकडे नट्या पत्र्याच्या पेटीत बसून भुसावळहून रेल्वेनं यायच्या, आणि हातगाडी घेऊन त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर मीच जायचो. आता टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झालंय. लग्नाला गेलो की माझं अर्धं लक्ष अक्षतांकडे आणि अर्धं, इथं आपली बाल्कनी होती, तिथं जिना होता, याच्याकडे. पण रडगाणं गायला मी हे लिहायला बसलेलो नाही. मागच्या वर्षी एका फ्रेंच सिनेमापायी माझ्या हातून एक चूक झाली, आणि उभ्या नोकरीत जे मिळालं नाही ते त्या चुकीनं मला दिलं, ते सांगायचं आहे. त्यासाठी आधी इंटरवल म्हणजे काय ते सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, त्यात सांगायचं काय? हिंदी सिनेमाचं ठीक आहे, तिथं बनवणाराच इंटरवल टाकून देतो. पण आमच्याकडे डब केलेले इंग्रजी सिनेमे यायचे. साप, मगरी, कराटे, भूकंप. त्यांच्यात इंटरवल नसतो. तिकडची माणसं दोन तास हूं की चूं न करता बसत असतील. आमच्याकडे तसं केलं तर बाया लेकरांना घेऊन मधूनच उठतात, बिडीवाले आतच बिडी पेटवतात आणि कॅन्टीनचे रशीदभाई माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत. म्हणून तो इंटरवल आम्हाला पाडावा लागे. सिनेमा रिळांमध्ये यायचा, आणि एक रीळ संपून दुसरं लागायच्या जोडावरच थांबता यायचं. प्रिंट आली की सकाळी ऑपरेटरला घेऊन मी रिकाम्या टॉकीजमध्ये ती चालवून पाहायचो. साधारण तासाभराच्या आसपास असे दोन किंवा तीन जोड सापडतात. त्यातला एक निवडायचा. माझा नियम एवढाच होता: माणूस चहा घ्यायला बाहेर यावा आणि कप हातात धरून चहा प्यायचाच विसरावा.

मगरीच्या एका सिनेमात मला असा जोड सापडला होता. नायकाची बायको नदीकाठी बसून पाण्यात पाय सोडते, पाणी जरासं हलतं, आणि रीळ संपतं. मी तिथं दिवे लावले. बाहेर कॅन्टीनवर शंभर माणूस उभं, पण एक शब्द कुणी बोलेना. एक म्हातारी थेट माझ्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "बापू, तिले पाय काढाले सांग नं आधी." त्या आठवड्यात मी रस्त्यानं चालायचो तेसुद्धा छाती काढून.

इंटरवलवरच जगणारं एक गिऱ्हाईकही होतं. वरवट बकालचे पुंडलिकराव तायडे. कापसाच्या कामानं ते आठवड्याला मलकापूरला यायचे आणि दुपारच्या शोला बसायचे. परतीची एसटी शो सुटायच्या आधी निघायची, म्हणून इंटरवल झाला की थेट स्टँडवर. वर्षानुवर्षं या गृहस्थानं फक्त पहिला अर्धा सिनेमा पाहिला. पुढच्या आठवड्यात आले की आधी गेटवर मला गाठायचे. मी काही सांगण्याआधी स्वतः रचलेला उरलेला सिनेमा ऐकवायचे, आणि मग विचारायचे, "आता सांगा, खरं काय झालं?" मी खरं सांगितलं की बरेचदा मान हलवायचे. "हे काई बराबर नाई केलं त्याईनं." मी हसायचो. हसायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता देशमुख सर. हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे आणि आमच्या गावच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी सिनेमाचं परीक्षण लिहायचे. पहिल्या रांगेतली, बाजूच्या दाराजवळची खुर्ची त्यांची. सरांना दोन गोष्टींचा मनस्वी राग, एक म्हणजे चुकीचं मराठी आणि दुसरा इंटरवल. कलाकृतीच्या मध्यावर घातलेला दरोडा, असं ते त्याला म्हणत. इंटरवलमध्ये सगळी टॉकीज बाहेर आली तरी सर जागेवर डोळे मिटून बसून राहायचे. मगरीच्या सिनेमाबद्दल त्यांनी काय लिहावं? "या चित्रपटात सर्वांत मोठा चावा मगरीने नव्हे, टॉकीजच्या व्यवस्थापकाने घेतला आहे." गावभर हसू झालं. महिनाभर मला जो तो दात दाखवून विचारायचा, मॅनेजर, कुठं चावू?

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. सरांचं मराठी चांगलं, त्यांचं वाचन दांडगं, आणि मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. पण सिनेमा कुठं थांबवायचा हे मला कळतं, एवढं एकदा तरी या माणसानं म्हणावं, असं मला वाटत राहिलं. त्यांनी ते कधी म्हटलं नाही. दुसरीकडे, माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा सलग सतरा दिवस रोज संध्याकाळी सर यायचे, पेपर हातात द्यायचे, अर्धा तास न बोलता बाकावर बसायचे आणि उठून जायचे. त्यामुळे त्यांचा रागही धड धरता येईना. टॉकीज असेपर्यंत मी ती दाराजवळची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली नाही.

टॉकीज गेली, साप्ताहिक बंद पडलं, सर ऐंशीला टेकले. मागच्या वर्षी इथल्या कॉलेजातल्या मेघा मॅडमनी फिल्म क्लब काढला. महिन्यातून एका रविवारी सकाळी, कॉलेजच्या हॉलमध्ये, बाहेरदेशचा एक सिनेमा. सिनेमा मॅडमच्या लॅपटॉपवर आणि भिंतीवर पडदा. दार, पंखे, दिवे सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही या ना." मी चप्पल घालूनच ठेवली होती म्हटलं तरी चालेल. जुन्या टॉकीजची पितळी घंटा मी निरोपाच्या दिवशी मागून घेतली होती, तीही सोबत नेली. इंटरवल संपला की लोकांना आत बोलवायला ती वाजवायचो.

मॅडम म्हणाल्या, घंटा लागणार नाही. इंटरवल ठेवायचाच नाही. देशमुख सरांनी तीच अट घातली आहे. मध्ये थांबवणार नसाल तर येतो आणि जिल्ह्याच्या पेपरमध्ये परीक्षणही लिहितो. मी हो म्हटलं. घंटा खुर्चीखाली ठेवून दिली.

सिनेमा फ्रेंच होता. शंभरेक वर्षांपूर्वीचं गाव, घोडागाड्या, उंच हॅट. तीन बाया मिळून एक लाँड्री चालवतात. सगळ्या गावाला नकोसा झालेला एक सावकारी वृत्तीचा व्यापारी एके दिवशी नाहीसा होतो, आणि त्याच दिवसापासून लाँड्रीतली एक मोठी वेताची टोपली कुणी उघडायची नाही असं ठरतं. तपासाला आलेला इन्स्पेक्टर कपड्यांच्या इस्तरीबाबत भलता चिकित्सक. त्याचे शर्ट याच लाँड्रीत. म्हणजे खुनाचा तपास आणि कॉलरची इस्तरी, दोन्ही एकाच काउंटरवर. खालच्या मराठी ओळी मॅडमनी स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्यात एक गंमत केली होती. इन्स्पेक्टर पुणेरी बोलायचा आणि लाँड्रीवाल्या बाया वऱ्हाडी.

हॉल भरला होता. कॉलेजची पोरं, शिक्षक, बचत गटाच्या बाया, आणि मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलेले पुंडलिकरावसुद्धा. सर पहिल्या रांगेत, दाराजवळ. पहिली दहा मिनिटं सगळे सासरी आल्यासारखे गप्प बसले होते. मग इन्स्पेक्टर विचारतो, "बाई, आपण त्या गृहस्थांना अखेरचे कधी पाहिलेत?" आणि तिघींतली थोरली, फ्रेंच म्हातारी, त्याच्याकडे न बघता पिळे पिळत म्हणते, "मले कपडे पायले का माणसं?" तिथून हॉल जो सुटला तो थांबेना. खालची ओळ वाचून हसणारे आधी हसायचे, वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना शेजारची सांगायची, मग त्या हसायच्या. प्रत्येक विनोदाला दोनदा हशा. एकतीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं.

मी मागं लॅपटॉपजवळ उभा होतो. तास होत आला होता. इन्स्पेक्टर आपला हरवलेला शर्ट शोधत लाँड्रीच्या आतल्या खोलीत जातो. कोपऱ्यात ती टोपली. तो वाकतो. झाकणावर हात ठेवतो. म्हातारी दारात येऊन उभी राहते आणि शांतपणे म्हणते, "साहेब, ओले हायेत कपडे." तो तिच्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघते. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि माझं बोट बटणावर गेलं. मी ठरवलं नव्हतं. बोटानं आपोआप पडदा काळा केला, दुसऱ्या हातानं दिवे लावले. लोकांनी एक क्षण श्वास रोखला आणि मग टाळ्या आणि शिट्ट्या. रशीदभाई चहाची किटली घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात बसलेच होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनाही माझं बोट माहीत होतं.

मॅडम माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला होता. "काका, आपलं काय ठरलं होतं?" मी ओशाळून उभा राहिलो. गर्दीतून सर दाराकडे जाताना मला दिसले. वाटलं, इंटरवल झाला म्हणून चिडून निघाले. बरोबरच होतं त्यांचं. पंधरा मिनिटांनी मी घंटा वाजवली, लोक आत आले, सिनेमा पुढे सुरू झाला. सरांची खुर्ची रिकामीच राहिली.

तीन दिवसांनी पेपरमध्ये परीक्षण आलं. रशीदभाईंच्या हॉटेलात मी ते वाचलं. सरांनी नटांची स्तुती केली होती. वऱ्हाडी ओळी आधी खटकल्या आणि मग खटकेनाशा झाल्या, असं लिहिलं होतं. आणि शेवटचा परिच्छेद असा होता: "टोपलीत काय आहे, हे दिग्दर्शक आपल्याला सांगत नाही. हात झाकणावर असतानाच तो पडदा काळा करतो. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारा शेवट मी आयुष्यात पाहिलेला नाही. कुठे थांबावे, हे ज्याला कळते तोच कलावंत."

सरांनी माझा इंटरवल शेवट समजून घेतला होता. इंटरवल नाही असं त्यांना वचन दिलेलं, पडदा काळा, दिवे लागलेले, टाळ्या पडलेल्या. त्यांनी तरी दुसरं काय समजायचं? मी एवढा हसलो की रशीदभाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग मी तो परिच्छेद परत एकदा वाचला, एकट्यानं, आणि माझं हसू थांबलं. तीस वर्षं या माणसाच्या तोंडून जे वाक्य ऐकायला मी तरसलो होतो, ते वाक्य छापून आलं होतं. पत्ता फक्त चुकला होता.

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांनी ते कात्रण टाकून हसायला सुरुवात केली होती, त्यांनी ते काढून टाकलं होतं. पण खरी पंचाईत पुढे होती. येत्या रविवारी त्याच हॉलमध्ये सरांचं भाषण ठेवलेलं, विषय सरांनीच दिलेला: शेवट न सांगणारा शेवट. श्रोते तेच, ज्यांनी उरलेला सिनेमा पाहिला आहे. "काका, सर उभे राहून बोलतील आणि पोरं हसतील. मला बघवणार नाही. तुम्हीच सांगा ना त्यांना."

मी दोन दिवस गेलो नाही. एक मन म्हणत होतं, जाऊ दे, मगर विसरलास का? त्याहून लाजिरवाणं मन दुसरं होतं. सांगितलं की ते वाक्य सर मागे घेतील, आणि मला मिळालेलं एकुलतं एक शाबासकीचं पत्र परत जाईल. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातला तो बाक आठवला. मॅडमचा लॅपटॉप मागून आणला, पिशवीत घातला आणि सरांच्या घरी गेलो.

सर भाषणाचे कागद मांडूनच बसले होते. चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, शेवटी सरच म्हणाले, मॅनेजर, तुम्ही काहीतरी सांगायला आलात.

"सर, तो शेवट नव्हता," मी म्हणालो. "माह्यावाला इंटरवल होता. ठरलं होतं तरी माह्या हातून झाला. सिनेमा पुढं अजून पाऊण तास हाये."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागदांकडे पाहिलं. मला माझ्या त्या बोटाची कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. सर नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी मात्र वरवटच्या माणसासारखं विचारलं.

"सगळ्याईले माईत हाये?"

"हाव, सर."

त्यांनी भाषणाचे कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाले, लावा.

उरलेला सिनेमा आम्ही दोघांनी त्यांच्या टेबलावर, सकाळी साडेदहाला पाहिला. टोपलीत प्रेत नसतं, व्यापाऱ्यानंच लपवायला दिलेली चांदीची भांडी असतात. व्यापारी मेलेलाच नसतो, दुसऱ्या गावी लपून बसलेला असतो, स्वतःचीच भांडी चोरीला गेल्याचा कांगावा करायला. मग तो परत येतो, मग कोर्ट, मग प्रत्येक जण उभा राहून आपण काय केलं ते सविस्तर समजावून सांगतो, मग इन्स्पेक्टर थोरल्या लाँड्रीवालीशी लग्न करतो. वाईट नाही. हॉलमध्ये लोकांनी तेही आवडून पाहिलं होतं. पण सर एकदाही हसले नाहीत. पडद्यावर नावं सुरू झाली तसा त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मॅनेजर," ते म्हणाले, "तुमचाच शेवट बरा होता."

मी म्हणालो, सर, माझं मन राखायला म्हणू नका. त्यावर ते चिडलेच. मन राखायला आपण आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही, मगरीच्या वेळी राखलं होतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. म्हणजे मगर त्यांनाही आठवत होती. आणि मग खालच्या आवाजात म्हणाले की मगरीच्या सिनेमात इंटरवलभर आपण डोळे मिटून बसलो होतो खरे, पण पाण्यातल्या त्या पायाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. हे लिहायला हवं होतं, तेव्हा लिहिलं नाही.

रविवारी भाषण झालं. मला वाटलं होतं, सर विषय बदलतील. नाही बदलला. उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला, आपण अर्धा सिनेमा पाहून परीक्षण लिहिलं, असं सांगून टाकलं. हॉल हसला, पण सर आधी हसले म्हणून हसला, त्यामुळे ते हसणं टोचणारं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, टोपलीवर हात असताना तुमच्या मनात टोपलीत काय होतं? बचत गटाच्या बाया बोलल्या, पोरं बोलली, प्रत्येकाच्या टोपलीत वेगळंच काही. पुंडलिकराव उठले आणि त्यांनी उरलेला सिनेमा आपल्या पद्धतीनं उभ्या उभ्या सांगितला, त्यात टोपलीत इन्स्पेक्टरची पळून गेलेली बायको होती. सरांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि वहीत टिपून घेतला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या गेटवर हेच करत होता आणि मी नुसता हसत होतो.

आता क्लबला इंटरवल असतो. सरच म्हणाले, असू द्या. पण सिनेमा कुठं थांबवायचा हे ठरवायला आदल्या दिवशी मी, मॅडम आणि सर असे तिघं बसतो आणि बहुतेक वेळा भांडतो. सर अजूनही इंटरवलला दरोडाच म्हणतात, फक्त आता दरोड्याच्या कटात सामील असतात.

त्या भाषणानंतरच्या बुधवारी पेपरच्या आतल्या पानावर, अगदी तळाला, चार ओळींचा खुलासा आला होता. तो कापून मी टॉकीजच्या घंटेखाली ठेवला आहे, तसाच उतरवून देतो.

"गेल्या आठवड्यात या स्तंभात ज्या शेवटाची प्रशंसा केली, तो फ्रेंच दिग्दर्शकाचा नसून मलकापूरचे निवृत्त टॉकीज मॅनेजर श्री. प्रल्हाद वानखडे यांचा आहे. खरा शेवट नंतर पाहिला. मत बदललेले नाही."